घाट, एसी आणि चार थरांचा केक

६ एप्रिल, सोमवार

आज केक पडला. याचा ठपका माझ्यावर येणार हे उघड आहे, म्हणून माझी बाजू लेखी ठेवतो. डेपोत बस चालवायचो तेव्हाची सवय. काही बिघडलं की आधी जबाब लिहायचा, मग चहा प्यायचा. चहा अजून घेतलेला नाही.

सूनबाईने शाळेतली चांगली नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत ओव्हन मांडला, त्याला वर्ष होत आलं. हाताला चव आहे पोरीच्या. डोंगरावरच्या मोठ्या हॉटेलातून तिला पहिल्यांदाच ऑर्डर आली, तीन थरांचा केक. तो तिथल्या शेफला पसंत पडला तर हॉटेलचे सगळे केक इथूनच घ्यायचे, असं ठरलं होतं. केक पोचवायचं काम अर्थातच माझं. लायसन्स सूनबाईकडेही आहे, पण ते बाजारापुरतं. आमचे चिरंजीव जहाजावर इंजिनिअर, ते सहा-सहा महिने पाण्यात.

निघताना सूनबाईने बजावलं होतं, एसी चालू ठेवा, क्रीमला ऊन सोसत नाही. गाव संपेपर्यंत ठेवलाही होता. पण घाट लागला आणि गाडीला धाप लागली. एक तर गाडी गॅसवर, त्यात एसी, त्यात चढ. इंधनाची अशी नासाडी माझ्याने बघवत नाही. डिझेल वाचवण्याची डेपोची ढाल मी उगाच नाही मिळवली. एसी बंद केला, चारी काचा खाली केल्या. झकास वारा येत होता. मला सोसला तो क्रीमला का सोसू नये?

आणि मग वरच्या वळणावर तो गतिरोधक. कुणी कधी बांधला देव जाणे. ना पट्टे, ना पाटी. गाडी दाणकन आपटली. हॉटेलात खोका उघडला तर वरचा थर मधल्या थराच्या मांडीवर येऊन बसलेला, आणि क्रीम खाली ओघळलेलं. शेफ उंच, सडपातळ माणूस आहे. तो ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं. त्याने नुसतं झाकण परत लावलं.

घरी सूनबाईने दोनच गोष्टी विचारल्या. एसी चालू होता का, आणि गाडी कुठे आपटली. मी गतिरोधकाचं सांगितलं. ती म्हणाली, तो तर पहिल्यापासून तिथेच आहे. असेल. मग पट्टे पुसले गेले असतील.

आमच्या सौ. एवढंच म्हणाल्या, "ॲव्हरेज वाचलं ना तुमचं? मग झालं." आता चहा घेतो.

८ एप्रिल, बुधवार

दोन दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. आज सूनबाईने शेफला फोन केला. दार लावून घेतलं होतं, पण मी व्हरांड्यात उभा होतो. तिने सबब सांगितली नाही, माझं नावही घेतलं नाही. चूक आमची, एकदा अजून संधी द्या, एवढंच.

मिळाली. २६ तारखेला एका वृद्ध जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, वर हॉटेलात मोठं जेवण आहे. चार थरांचा केक. तो धड पोचला तर काम आपलं. नाही पोचला तर शेफने दुसऱ्या शहरातला केकवाला बघून ठेवलेला आहे.

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन आला. सगळं ऐकून म्हणाले, हे खूळ आता पुरे, शाळेत परत जागा मिळते का बघ. सूनबाईने फोन माझ्याकडे दिला आणि आत गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सांगितलं, आपल्या घरात कामाला खूळ म्हणायची पद्धत नाही, आणि तो केक मी वर पोचवणार. फोन ठेवल्यावर उंचीचा हिशेब केला. चार थर म्हणजे मागच्या सीटवर शेजारी बसलो तर जवळजवळ माझ्या छातीपर्यंत येतो तो.

जेवताना सूनबाई म्हणाली, "अप्पा, हा केक पडला तर मला वर कुणी पुन्हा विचारणार नाही. आणि खालीही नाही. एवढ्याशा गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो?" डोळ्यात पाणी नव्हतं तिच्या. ते असतं तर मला सोपं गेलं असतं.

मग तिनेच सुचवलं, आधी तपासून बघू. तोच रस्ता, तेवढंच वजन, मागे खोक्यात मैद्याच्या पिशव्या आणि थर्मामीटर. कधी एसी लावून, कधी बंद, कधी गॅसवर, कधी पेट्रोलवर. आत किती तापतं आणि इंधन किती लागतं, दोन्ही बघायचं. मी म्हटलं, वा! आमच्या डेपोत अगदी अशाच चाचण्या व्हायच्या. एकंदरीत कल्पना माझीच म्हणायची.

११ एप्रिल, शनिवार

पहिली चाचणी. स्टिअरिंगवर मी, शेजारी सूनबाई. टायरची हवा तपासली, टाकी फुल्ल केली. पेट्रोल मी नेहमीचं घेत नाही, त्याच्यावरचं महागातलं घेतो. इंजिनाला तेच मानवतं. पंपावरचा आकडा सूनबाईने वाचला. हल्ली हे लोक आकडे मुद्दाम बारीक करतात, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. मी तसं पंपावरच्या माणसाला सुनावलंही.

आजची चाचणी एसी बंद, काचा खाली. माझी पद्धत. घाटात सूनबाई फारच बोलत होती. एरवी मोजकं बोलणारी मुलगी, आज मधूनच विचारे, अप्पा, त्या पाटीवर काय लिहिलंय? मी म्हटलं, शाळेत शिकवायचीस ना, वाच की. मग एका वळणावर तिने एकदम डॅशबोर्ड धरला. समोरून ट्रक येत होता. मला दिसला होता. मी फक्त तो जरा जवळ यायची वाट बघत होतो.

हॉटेलच्या अंगणात तिने गाडीच्या पडद्यावरचा आकडा वाचला. पायथ्यापासून वरपर्यंत लिटरला साडेतेरा. एवढ्या चढाला साडेतेरा म्हणजे गंमत नाही! माझी छाती फुगली. थर्मामीटर मात्र वाईट चढला होता. मैदा होता म्हणून बरं, क्रीम असतं तर त्याचं सरबत झालं असतं.

परतताना तिने किल्ली मागितली. म्हणाली, यापुढच्या चाचण्यांना गाडी तीच चालवेल आणि मी शेजारी बसून लक्ष ठेवायचं, शिकवायचं. एकाच माणसाने चालवणं आणि तपासणं दोन्ही करू नये. हे मला पटलं. पोरीला चाचणीचं शास्त्र कळतं. घाट कसा चालवतात हे तिला शिकवायला माझ्यासारखा माणूस गावात दुसरा नाही, हेही खरं.

उतरताना तिचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. नवखी आहे.

१३ एप्रिल, सोमवार

क्लच जळल्याचा वास अजून नाकात आहे. चढावर गाडी थांबवून परत काढायची म्हटलं की सूनबाई गाडी मागे सोडते, मग घाबरून रेस देते, मग गाडी उडी मारते. मी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा आवाज चढला माझा. माझ्या आवाजाने डेपोतले कंडक्टर शिट्टी वाजवायला विसरायचे.

तिने गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं.

"अप्पा, तुम्ही ओरडलात की माझा पाय दचकतो. त्या दिवशी मागे केक असेल."

उभ्या नोकरीत कुणी मला असं शांतपणे गप्प केलं नव्हतं. राग आला होता, खोटं कशाला लिहू. पण घरी येईस्तोवर विचार केला. पाय दचकतो हे तिचं म्हणणं चूक नाही. उद्यापासून तोंडाला कुलूप. जमेल तेवढं.

१६ एप्रिल, गुरुवार

आज सगळ्या चाचण्यांचे आकडे समोर मांडले आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

गावातल्या गर्दीत, सिग्नलला थांबत-थांबत जाताना एसी पेट्रोल पितो. यात मी बरोबर होतो, हे आधी लिहितो. पण मोकळ्या रस्त्यावर गाडी एका लयीत चालली की त्याचा फटका मला वाटायचा त्याच्या निम्मासुद्धा नाही. आणि काचा खाली केल्या की आत शिरलेला वारा गाडीला मागे ओढतो. एसी बंद करून जे वाचवलं, त्यातलं बरंचसं तो वाराच खातो.

दुसरं, माझं महागातलं पेट्रोल. सूनबाईने एक फेरी त्यावर केली, एक साध्यावर. फरक नाही. भिंग लावून बघायलाही फरक नाही. आपल्या इंजिनाला त्याचा काही उपयोगच नाही म्हणे. ही बाब मी पंपावर कुणाला सांगणार नाही.

तिसरं, गॅस. सपाटीला उत्तम, कमी खर्चात चालतो. पण चढावर एसी लावला की गाडी रडते, सारखा गिअर उतरवावा लागतो. त्याच जागी पेट्रोलवर घेतली की शहाण्यासारखी चढते. म्हणजे पायथ्यापर्यंत गॅस, पुढे पेट्रोल. हे मी लगेच ठरवून टाकलं. सूनबाईने मान हलवली.

स्वयंपाकघरात सौ.ना एसीचं सांगितलं. त्यांनी भाजी चिरायचं थांबवलं. म्हणाल्या, "इतके उन्हाळे मी त्या गाडीत ओला रुमाल मानेवर टाकून बसले." मी म्हटलं, मग बोलायचं नाही का? म्हणाल्या, बोलले होते, तुम्ही काच खाली केलीत. मला काही हे आठवत नाही. पण त्या हसत होत्या, म्हणजे फार मनावर घेतलेलं नसावं.

१९ एप्रिल, रविवार

आज मी शोध लावला. रीतसर लिहितो.

हॉटेलच्या रस्त्याला आधी एक चढ आहे, मग माथ्यावरून नदीच्या पुलापर्यंत लांब उतार, आणि पुलापलीकडे मोठा घाट. सूनबाई तिसऱ्या गिअरमध्ये, पाय उचलून, शांतपणे उतरत होती. हे तिला मीच शिकवलंय. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे शहाणे असतात. डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा तसल्यांना मी गाडीवरून खाली उतरवायचो. ब्रेक तापतात आणि इंजिन जिवंत राहायला इंधन खातं ते वेगळंच.

तर माथ्यावर मी म्हटलं, आता एसी बंद कर. ती वळणावर होती, हात मोकळा नव्हता. पुढचं सरळ आल्यावर तिने पडद्याकडे नजर टाकली आणि म्हणाली, "अप्पा, एसी चालूच राहिला, पण पेट्रोल लागतच नाहीये."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडी गिअरमध्ये उतरते तेव्हा इंजिन पेट्रोल मागतच नाही, त्याला चाकंच फिरवतात. मग एसीचा कॉम्प्रेसरही चाकंच फिरवणार. म्हणजे उतारावरचा एसी फुकट! उलट गाडीला तेवढाच लगाम बसतो. मी तिला लगेच सांगितलं, पुलापर्यंत एसी पूर्ण सोड, गाडी थंडगार करून घे, आतलीच हवा आत फिरू दे. मग मोठा घाट लागला की एसी अगदी हळू, आणि अवघड वळणावर गाडीला जोर लागेल तेवढा वेळ बंद.

तसं केलं. थर्मामीटर पुलापर्यंत सरसर उतरला आणि घाट चढून गेलो तरी फार चढला नाही. मला आभाळ ठेंगणं झालं. हा शोध माझा आहे, असं मी परतीच्या वाटेवर दोन-तीनदा स्पष्ट केलं. सूनबाई म्हणाली, अर्थात अप्पा, तुमचाच.

चिरंजीवांना फोनवर हे समजावलं. त्यांना आधीच माहीत होतं म्हणे. इंजिनिअर लोकांना सगळं नंतर आधीच माहीत असतं.

२२ एप्रिल, बुधवार

सुताराने मागच्या सीटवर पाट बसवून दिला. सीट उताराची असते, केकला सपाट बूड लागतं, आणि डिकीत गॅसची टाकी असल्यामुळे तिथे जागा नाही.

त्या पाटावर मी काठोकाठ पाण्याचं पातेलं ठेवलं. नवीन ड्रायव्हर आला की आम्ही डेपोत हेच करायचो. गावाबाहेरच्या चढावर सूनबाईला थांबायला लावलं आणि म्हटलं, आता काढ गाडी, पाणी सांडू न देता. पहिल्यांदा माझी पाठ भिजली. मग मान. मी शब्द काढला नाही. शेवटी शेवटी नुसता काठ ओला होऊ लागला. ती दमून स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली, आणि परत म्हणाली, अजून एकदा.

अशी शिष्या मला नोकरीत मिळाली नाही. मी तिला हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

रात्री जेवताना सौ. म्हणाल्या की सूनबाईने २९ तारखेची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सौ.ना चष्म्याचा नंबर काढायचाय, आणि जाता जाता माझेही डोळे बघून घेतील. माझ्या डोळ्यांना काय धाड भरली आहे? पण त्यांना सोबत म्हणून जाईन.

२४ एप्रिल, शुक्रवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

परवा केक घेऊन गाडी मीच नेणार, हे मी धरूनच चाललो होतो. सूनबाईचं शिक्षण चाललंय, ठीक आहे, पण चार थरांचा केक आणि तो घाट म्हणजे मुरलेल्या हाताचं काम. संध्याकाळी गॅस भरायला मी एकटाच निघालो. किल्ली खिळ्याला नव्हती, सूनबाईच्या पर्समध्ये होती, ती घेतली. परतताना आपल्याच गल्लीच्या तोंडाशी सूर्य अगदी समोर आला. त्या झगमगाटातून एकदम काहीतरी सायकलसारखं निघालं. मी ब्रेक मारला. शेजारच्यांची धाकटी होती. गाडी तिच्या चाकापासून वीतभर लांब थांबली असेल, तीही नाही.

ती मला "आजोबा, सॉरी" म्हणून निघून गेली. चूक तिची नव्हती.

सूर्य समोर असला की कुणालाही दिसत नाही. हे मी तिथेच स्वतःला सांगितलं. पण मला हेही माहीत आहे की ती पोर लाल फ्रॉक घालून रस्त्याच्या मधोमध होती. गाडी दारात लावली आणि किल्ली सूनबाईच्या पर्समध्ये परत ठेवली.

जेवताना मी जाहीर केलं. परवा गाडी सूनबाई चालवेल. शिकवणाऱ्याने कधीतरी बाजूला व्हायचं असतं, असंही म्हणालो. सूनबाईच्या हातातला डाव तसाच राहिला.

"अप्पा, नक्की?"

"नक्की. मी मागे केक धरून बसतो. केक धरायला अनुभवी माणूस लागतो."

सौ.नी माझ्या ताटात न मागता दुसरी पोळी वाढली. माझ्या मनाला लागलं आहे, फार लागलं आहे. ज्या माणसाने शिकवण्यापुरती सोडली तर कधी दुसऱ्याच्या हातात गाडी दिली नाही, त्याने मागच्या सीटवर बसायचं. पण निर्णय माझा आहे. तो कुणी माझ्याकडून काढून घेतलेला नाही, एवढं समाधान.

२६ एप्रिल, रविवार

सविस्तर लिहितो, दिवस तसा होता.

केक पहाटेपासून तयार होत होता. पांढरा, चार थर, कडेने साखरेची बारीक पानं. सौ. आणि मी तो पाटावर ठेवेपर्यंत श्वास घेतला नाही. गाडी सावलीत लावली होती, आधी चारी दारं उघडून आतली गरम हवा बाहेर जाऊ दिली, मग एसी. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसी लावला तर तो निम्मा वेळ नुसता ओव्हनशी भांडतो. काचांना चंदेरी पडदे. सगळं ठरल्याप्रमाणे.

मी मागे, केकच्या बाजूला अंग चोरून. एप्रिलच्या भर दुपारी अंगावर शाल! सौ. दारातून हसत होत्या.

पायथ्यापर्यंत गॅस. तिथे सूनबाईने बटण दाबून गाडी पेट्रोलवर घेतली, आकडा शून्यावर आणला. पहिला चढ तिने असा चढवला की मला गिअर बदललेला कळला नाही. माथ्यावर मी तोंड उघडण्याच्या आधीच एसी पूर्ण सोडला. उतारावर थर्मामीटरची रेघ उतरली, माझे दात वाजायचेच काय ते राहिले होते. वाटेत गाडी किंचित वर झाली आणि खाली आली. मी विचारलं, काय होतं? म्हणाली, गतिरोधक. मोठ्या घाटाच्या अलीकडेही एक आहे, आणि वरचा तो तर आहेच, पट्ट्यांसकट. मी शाल नीट केली.

मोठ्या घाटातल्या सगळ्यात अवघड वळणावर पुढे माल भरलेला ट्रक बंद पडला. अगदी वळणाच्या पोटात. आमची गाडी चढावर थांबली. मागे गाड्या लागल्या, भोंगे सुरू झाले. ट्रकवाल्याने हात बाहेर काढून खूण केली, बाजूने निघून जा. डावीकडे डोंगर, उजवीकडून जायला जागा होती, पण वरून काही येतंय का ते बघायला हवं होतं. सूनबाईच्या जागेवरून ट्रक आड येत होता. मी बसलो होतो त्या काचेतून वरच्या रस्त्याचा तुकडा दिसण्यासारखा होता.

"अप्पा, वरून काही येतंय?"

मी पडदा बाजूला करून पाहिलं. वर रस्ता होता आणि रस्त्यावर ऊन होतं, आणि उन्हात काहीतरी हलत होतं, किंवा नव्हतं. आजवर असं विचारणाऱ्याला मी क्षणात उत्तर दिलंय. तोंडावर आलंही होतं, "मोकळा आहे, काढ." माझा हात केकच्या पाटावर होता.

"मला एवढ्या लांबचं दिसत नाही," मी म्हणालो. "माझ्यावर जाऊ नकोस."

"बरं, अप्पा." एवढंच म्हणाली. आश्चर्य नाही, काही नाही. मी तिला काही नवीन सांगितलं असं तिला वाटलेलंच दिसलं नाही. गाडी तिने काढली नाही. हँडब्रेक ओढून थांबली. मागचे भोंगे वाजवत राहिले, एक जण उतरून येऊन बोलूनही गेला, ती समोर बघत बसली. थोड्या वेळाने वरून एक बस वळण घेऊन भरधाव खाली आली आणि त्याच मोकळ्या जागेतून निघून गेली.

मी दोन्ही हातांनी पाट धरला आणि आता लिहिताना मान्य करतो, देवाचं नाव घेतलं. सूनबाईने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, केक ठीक आहे ना? मी म्हटलं, केक ठीक आहे.

ट्रक सुरू होऊन सरकला. आता चढावरून गाडी काढायची. मला दहा सूचना सुचत होत्या, मी ओठ मिटून घेतले. तिने एसी बंद केला, क्लच हळू सोडला, इंजिनाचा आवाज जड झाला, मग हँडब्रेक खाली केला. गाडी बोटभरही मागे गेली नाही. मी केककडे बघत होतो. साखरेचं एक पान हललं नाही.

हॉटेलात शेफ स्वतः बाहेर आला. खोका उघडला, वाकून चारी बाजूंनी बघितलं, मग सरळ उभा राहून सूनबाईशी हात मिळवला. गुरुवारपासून काम सुरू, असं म्हणाला. ती "हो" म्हणाली आणि मग एकदम माझ्याकडे वळून लहान मुलीसारखी रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मलाही रडू आलं. शेफ केक घेऊन आत गेला, तेव्हा त्याने ते बघितलं नसावं.

मग तिने पडद्यावरचा आकडा वाचला. पायथ्यापासून वरपर्यंत, एसी लावून, पावणेचौदा. मी म्हटलं, परत वाच. तिने परत वाचला. माझा एसी बंद करून काढलेला आकडा साडेतेरा होता. त्या अंगणात जे कुणी भेटलं, भांडी नेणारा, माळी, पाहुण्यांचे ड्रायव्हर, त्या सगळ्यांना मी हे सांगितलं. एकाने विचारलं, आजोबा, आकडा तुमचा का? मी म्हटलं, माझा कसला, माझा तर ती मागे टाकून आली.

निघताना फाटकावर वॉचमनने थांबवलं. आता गाडी नेहमी येणार तर नोंद करून ठेवतो म्हणाला. वही घेऊन माझ्याच काचेशी आला. पांढऱ्या मिशा बघून विचारलं, "ड्रायव्हर तुम्हीच ना?"

"पुढे बसलीय ती ड्रायव्हर. माझी सून. तिचं नाव नीट लिही."

त्याने सूनबाईला विचारून लिहिलं. मग परत माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही?"

"मी क्लीनर," मी म्हणालो. "नवीनच लागलोय."